रंगवलेल्या केसांसाठी घरगुती उपाय: विकायच्या आधी हे वाचा



मागच्या महिन्यात कर्जत तालुक्यातल्या कळंबला बचत गटाच्या ताईंसोबत दिवसभर बसलो होतो. नेहमीचे प्रश्न झाले. पापड, लोणची, मसाले, मुद्रा लोन. मग मागे बसलेल्या एका ताईंनी पिशवीतून सहा बरण्या काढून टेबलावर मांडल्या. कोरफडीचं जेल, जास्वंदाचं तेल, शिकेकाईची पावडर, मेथीचा लेप, कांद्याचं तेल आणि एक हिरवट मिश्रण, ज्याला त्या 'रिपेअर क्रीम' म्हणत होत्या. "सर, आता आमच्याकडे पण सगळ्या जणी केस रंगवतात. लग्नसराईत हायलाईट करतात आणि दोन महिन्यांनी केसांचा झाडू होतो. मी बहिणीच्या केसांना हे लावलं, फरक पडला. स्टिकर छापून विकायला सुरुवात करू का?"

त्यांना तिथे पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून व्हिडिओ केला. व्हिडिओतही बरंच राहिलं, ते इथे लिहितो. थोडक्यात उत्तर असं: सहापैकी चार बरण्या बाजूला ठेवा, दोन राहू द्या, आणि स्टिकर आत्ता छापू नका. ते का, हे नीट समजून घ्या. नाहीतर एखाद्या बाईचे केस आणि तुमचं गावातलं नाव, दोन्ही एकाच दिवशी जातील.

आधी केस म्हणजे काय ते बघू

केसांचा धंदा करायचा तर ही एक गोष्ट पाठ पाहिजे. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. नखासारखाच. कापलं की दुखत नाही, कारण त्यात जीव नाही. जीव आहे तो मुळाशी, कातडीखाली. म्हणून हाताला जखम झाली की ती जशी आपोआप भरते, तसा खराब झालेला केस भरत नाही. कोणत्याही तेलाने, लेपाने, दोन हजारांच्या बाटलीनेही नाही.

केसाचा बाहेरचा थर आपल्याकडच्या कौलारू छपरासारखा असतो. एकावर एक कौलं, सगळ्यांचा उतार टोकाकडे. कौलं नीट बसलेली असली की केस चमकतो, हाताला गुळगुळीत लागतो. पार्लरमधला पक्का रंग काय करतो? त्यातला अमोनिया ही कौलं उचलतो. मग हायड्रोजन पेरॉक्साईड आत जाऊन केसाचा मूळचा काळा रंग जाळतो आणि नवीन रंग आत तयार होतो. केस जितका फिका करायचा तितकं पेरॉक्साईडचं काम जास्त, म्हणजे सोनेरी हायलाईटने नुकसान जास्त, काळ्या रंगाने त्या मानाने कमी. या सगळ्यात कौलांवरचा तेलकट पातळ थर निघून जातो आणि काही कौलं पुन्हा नीट बसत नाहीत. मग केस पाणी जास्त पितो, फुगतो, गुंततो, तुटतो आणि आतलं प्रथिन धुण्यागणिक थोडं थोडं बाहेर जातं.

आता तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगाल? 'रिपेअर' म्हणालात तर ते खोटं आहे. केस साधारण महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो. तीस सेंटिमीटर लांबी खराब झाली असेल, तर ती पूर्ण बदलायला अडीच वर्षं लागणार, आणि दुभंगलेल्या टोकांना कात्रीशिवाय इलाज नाही. मग आपल्या हातात काय उरतं? उरलेली कौलं जपणं, आतलं प्रथिन वाहून जाणं कमी करणं आणि केसाला वरून गुळगुळीतपणा देणं. हे थोडकं वाटेल, पण गिऱ्हाइकाला हातात घेऊन कळतं. ते खरं असल्यामुळे ती परत येते.

राहू द्यायची पहिली बरणी: साधं खोबरेल

याच्या मागे कामाचा पुरावा आहे आणि तो आपल्या मुंबईतला आहे. २००३ साली आरती रेले आणि आर. बी. मोहिले या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी तीन तेलं घेतली: खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल, म्हणजे बाजारातल्या पातळ, न चिकटणाऱ्या तेलांत असतं ते. चांगल्या केसांवर आणि ब्लीचसारख्या प्रक्रियांनी खराब केलेल्या केसांवरही ती लावून बघितली. केसातून प्रथिन जाणं ठळकपणे कमी केलं ते फक्त खोबरेलाने. धुण्याआधी लावलं तेव्हाही आणि धुतल्यानंतर लावलं तेव्हाही.

त्यांनी दिलेलं कारण असं. खोबरेलात लॉरिक ॲसिड मुख्य असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. सूर्यफुलाच्या तेलाचा रेणू मोठा आणि वाकडा, खनिज तेलाला केसाच्या प्रथिनाची ओढच नाही. ती दोन्ही वर राहतात. आता मॅरिको स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवायचंच. पण अभ्यास उघड छापलेला आहे आणि गेली वीस वर्षं केसांवर लिहिणारे लोक त्याचा आधार घेतात.

आपल्या आज्या न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल चोपायच्या. धुण्याच्या *आधी*. आता पार्लरमध्ये बरोबर उलटं शिकवतात, धुवून झाल्यावर सीरम. आजीची वेळ बरोबर होती, कारण पाणी लागण्याआधी तेल आत असलं की केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो.

पद्धत साधी आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन ते तीन चमचे तेल, कोमट करून. टाळूवर ओतायचं नाही, केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावायचं, कारण नुकसान तिथे आहे. निदान तासभर ठेवायचं, रात्रभर ठेवलं तरी चालेल. रंग लावून दोन दिवसही झाले नसतील तर थांबा, रंग नीट बसू द्या. तेल लावून जोरात चंपी करू नका. कमकुवत केस मालिशच्या घासण्यानेच तुटतात.

जास्वंद, माका, कढीपत्ता घातलेल्या तेलाबद्दल विचारतात. वास छान येतो, रंग सुंदर दिसतो, लोक पैसे जास्त देतात हेही खरं. पण रंगवलेल्या केसांवरचं मुख्य काम त्यातलं खोबरेल करतं, हे तुमचं तुम्हाला माहीत असू द्या. आणि ताजी पानं घातलीत तर पानांतलं पाणी तेलात उतरतं, मग तेल खवट होतं, बुरशी धरतं. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत मंद आचेवर कढवा. मग कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी अजून आहे. शांत जळली तर उतरवा. ही वातीची परीक्षा जुने वैद्य करायचे आणि ती आजही बिनखर्चाची आहे.

दुसरी बरणी: शिकेकाई-रिठा-आवळा

कळंबच्या ताईंची खरी ताकद इथे आहे. शिकेकाई हा काटेरी वेल आहे, आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतला. कर्जतच्या वाड्यांमधल्या ठाकर आणि कातकरी बायकांना तो कुठे मिळतो हे शिकवावं लागत नाही. त्या शेंगांना पाण्यात फेस येतो, कारण त्यात सॅपोनिन असतं, म्हणजे निसर्गाचा साबण. त्याचं पाणी किंचित आंबट. केसालाही किंचित आंबटच मानवतं, कारण त्यात कौलं मिटून बसतात. कपड्याचा साबण किंवा खायचा सोडा अल्कली असतो, त्यात कौलं आणखी उघडतात आणि रंग निघून जातो. 'सोड्याने केस डीप क्लीन' असले व्हिडिओ फिरतात ना, रंगवलेल्या केसांसाठी त्याच्यासारखं वाईट काही नाही. लिंबू थेट चोळणं हे दुसरं टोक. तेही नको.

एका डोक्यासाठी अंदाज: २५ ग्रॅम शिकेकाई, १० ग्रॅम बिया काढलेला रिठा, १० ग्रॅम सुका आवळा. रात्री अर्धा ते पाऊण लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी दहा मिनिटं मंद उकळा, थंड करून मलमलच्या फडक्यातून *दोनदा* गाळा. पावडर तशीच केसात घातली तर कण अडकतात आणि विंचरताना केस तुटतात. आपला सगळा उद्देशच तिथे फसतो.

तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो. पांढऱ्या केसांवर कोणाला तो काळेपणा हवासा वाटेल, पण सोनेरी हायलाईट केलेल्या पोरीचे केस मळकट दिसले तर ती तुमच्याकडे पुन्हा फिरकणार नाही. दुसरी, फिक्या रंगाच्या केसांवर शिकेकाईचा तपकिरी रंगही थोडा चढू शकतो. म्हणून मानेमागची एक बट आधी धुऊन, वाळवून बघा. तिसरी, डोळे. शिकेकाई आणि रिठा डोळ्यात गेले की भयंकर झोंबतं. गिऱ्हाइकाची मान मागे करूनच धुवा, पुढे वाकवून नको.

धुतल्यावर केस कोरडे वाटतात अशी तक्रार येईल. त्यावर मेथी किंवा जास्वंदाची पानं. दोन चमचे मेथी रात्रभर भिजवून वाटा आणि गाळा, किंवा पंधरा-वीस जास्वंदाची पानं पाण्यात चुरगळून तो बुळबुळीत रस घ्या. हा चिकटपणा कौलांवर पातळ थर देतो, कंगवा सहज फिरतो. पाच-दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने काढायचं. अंडं लावणाऱ्यांना एवढंच सांगतो की अंड्यातल्या प्रथिनाचा रेणू केसात शिरण्याइतका लहान नाही, आणि कडकडीत गरम पाणी लागलं तर ते डोक्यावरच शिजतं. ते काढायला मग दोन वेळा शाम्पू लागतो.

मेंदीबद्दल वेगळं सांगायला हवं. शुद्ध मेंदी रंगवलेल्या केसावर बसू शकते, पण बाजारातल्या मिश्र मेंदीत काही वेळा धातूंचे क्षार असतात. असे केस पुन्हा पार्लरमध्ये पेरॉक्साईडखाली गेले, की केस गरम होऊन तुटण्यापर्यंत प्रकरण जातं. आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, ज्याची ॲलर्जी काही लोकांना जबरदस्त येते. तुम्ही मेंदीत पडूच नका. शेजारची कोणी विचारेल तरी नको.

बाजूला ठेवलेल्या चार बरण्या

कोरफड जेल, मेथीचा लेप, ते हिरवं क्रीम. तिन्हीत पाणी आहे. पाणी आलं की जंतू आले. एवढंच कारण आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ही चूक मी केलेली आहे. ट्रेनिंग सुरू करण्याच्या आधी मी आणि बायकोने कोरफडीच्या गराचं जेल करून चाळीस बाटल्या भरल्या होत्या. टिकावं म्हणून प्रत्येकीत व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घातली, थोडं गुलाबपाणी घातलं. एका मेळाव्यात अकरा बाटल्या गेल्या. सहाव्या दिवशी घरातल्या बाटल्या फुगायला लागल्या. झाकण उघडलं की फस्स आवाज आणि आंबूस वास. त्या अकरा बायकांचे नंबर वहीत होते म्हणून वाचलो. एकेकीला फोन केला, "ताई, फेकून द्या, पैसे परत देतो." दोघींनी लावून झालं होतं. एकीच्या टाळूवर पुरळ आलं होतं. तिचा नवरा फोनवर जे बोलला ते बरोबरच बोलला.

नंतर कळलं ते असं. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, पण जंतू मारत नाही. पाण्याच्या वस्तूला जंतुरोधक परिरक्षक लागतो, तो योग्य प्रमाणात लागतो, आणि तो काम करतोय की नाही हे लॅबमध्ये तपासावं लागतं. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे झालं असं नाही. गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्ये फ्रिज नसतो.

चौथी बरणी कांद्याची. ते तेल केस वाढवण्यासाठी खपतं, रंगाच्या नुकसानीशी त्याचा संबंध नाही, आणि केस उगवण्याच्या दाव्यात एक कायद्याचा खड्डा आहे.

स्टिकरचा प्रश्न

इथे बरेच जण नाराज होतात. घरी बनवलेलं, नैसर्गिक, मग परवानगी कशाला? तर केसांना लावायची वस्तू विकण्यासाठी बनवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत सौंदर्य प्रसाधनाचं उत्पादन. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्य प्रसाधने नियम २०२० त्याला लागू होतात. 'हर्बल' लिहिलं म्हणून सूट नाही, बचत गट आहे म्हणूनही नाही. परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. अर्ज सीओएस-५ नमुन्यात, परवाना सीओएस-८ मध्ये. त्यासाठी स्वतंत्र, स्वच्छ जागा आणि तांत्रिक पात्रता असलेला माणूस लागतो. घराच्या स्वयंपाकघरात ते बसत नाही.

स्वतःची जागा नसेल तर दुसऱ्या परवानाधारकाच्या कारखान्यात आपला माल बनवून घेण्यासाठी 'लोन लायसन्स' मिळतं. त्याचा अर्ज सीओएस-६ मध्ये. लोन म्हणजे इथे कर्ज नाही, उसनी जागा. शब्दावरून फसून बँकेत जाऊ नका, एक दादा खरोखर गेले होते.

लेबलवर मग बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, घटक, निव्वळ वजन आणि एमआरपी हे सगळं यावं लागतं. आणि 'केस गळती बंद', 'टकलावर केस', 'पांढरे केस काळे' असलं काही लिहू नका. तसा दावा केला की वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध होते. आणि औषध नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये टक्कल बरं करण्याचा व नवीन केस उगवण्याचा दावा मुळात करायलाच मनाई आहे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पीएमएफएमई योजना फक्त खाद्यपदार्थांसाठी आहे. केसांच्या तेलाला तिचं अनुदान नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती जरूर करा, पण उद्यम म्हणजे एफडीएचा परवाना नव्हे.

मग कळंबमध्ये बसून करायचं काय?

बाटली विकू नका, *न्हाणं* विका.

विचार करा. ताजा काढा, ताजा मेथीचा रस, त्याच दिवशी बनवला, त्याच दिवशी संपवला. टिकवायचा प्रश्न नाही, लेबल नाही, एक्सपायरी नाही. तुम्ही वस्तू बनवून विकत नाही, सेवा देता. अशा छोट्या पार्लरसाठी महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा २०१७ प्रमाणे कामगार मोजकेच असतील तर ऑनलाईन कळवणं पुरतं. खुर्ची, बेसिन, गिझर, टॉवेल यासाठी पैसे कमी पडत असतील तर मुद्राच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं.

हिशोब मांडू. भाव उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. तेल २० मिली, लिटरला ५०० रुपये धरून १० रुपये. शिकेकाई २५ ग्रॅम, किलोला ३०० धरून साडेसात. रिठा, आवळा, मेथी मिळून सात. म्हणजे मालाचे २५ रुपयांच्या आत. गॅस, पाणी, टॉवेल धुणं १५. झाले ४०. वेळ पूर्ण दीड तास, तुमच्या तासाची किंमत १२० धरा, १८०. एकूण २२०. दर ३०० ठेवलात तर ८० उरतात.

आता मजा बघा. त्या दीड तासातला जवळपास पाऊण तास गिऱ्हाईक तेल लावून नुसतं बसलेलं असतं. त्या वेळात दुसरीला तेल लावा. दोघींना मिळून तीनऐवजी सव्वादोन तास लागतात. म्हणून एकेकटीला बोलवू नका, जोडीने बोलवा. मैत्रिणी असल्या तर त्या तशाही जोडीनेच येतात. माल बदलून नफा वाढत नाही इतका वेळ नीट लावून वाढतो.

पहिल्या वेळी काय विचारायचं ते वहीत छापून ठेवा: रंग कधी लावला, कोणता, मेंदी लावता का, कशाची ॲलर्जी आहे का. कोपराच्या आतल्या बाजूला काढा आणि मेथीचा रस लावून एक दिवस थांबायला सांगा. "पुढच्या वेळी या, आज फक्त तेल लावते," हे म्हणायची हिंमत ठेवा. त्या दिवशी फक्त तेलाचे पैसे मिळतील, पण चालतं.

सुक्या शेंगा विकायच्या असतील तर जंगलातला माल म्हणून, कच्च्या, सोलून-वाळवून विका. पार्लरवाले, किराणावाले घेतात. दळून 'हेअर वॉश' असं नाव दिलंत की पुन्हा परवान्याचा प्रश्न आला. आणि वाळवण उन्हाळ्यातच उरकून घ्या. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूननंतर शेंगा मऊ पडतात, बुरशी धरतात, आणि बुरशी लागलेली शिकेकाई कितीही उन्हात घातली तरी फेकायचीच.

गिऱ्हाईक कुठून येईल?

गावातल्या मुली आहेतच. पण कळंबच्या ताईंना मी दुसरीकडे बोट दाखवलं. नेरळपासून कळंबकडे आणि पुढे दोन्ही बाजूंना फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिलेत. सगुणाबागेसारख्या ठिकाणांनी इथे कृषी पर्यटन रुजवलं, त्यामुळे शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या बायका येतात. त्यांचे केस रंगवलेले असतात आणि त्या पूलमध्ये उतरतात.

पूलचं पाणी रंगवलेल्या केसांचा शत्रू. क्लोरीन केस आणखी कोरडा करतो, रंग फिका करतो. आणि फिक्या केसांवर कधी कधी हिरवट छटा येते, ती क्लोरीनची नाही, पाण्यात उतरलेल्या तांब्याची असते. उघडी कौलं हे सगळं शोषून घेतात.

उपाय अगदी साधा आहे आणि इथेच तुमची सेवा बसते. कोरडा पंचा आणि ओला पंचा आठवा. ओला आणखी पाणी कमी पितो. म्हणून पूलमध्ये उतरण्याआधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवायचे, पाणी निथळलं की टोकांना खोबरेल लावायचं, सैल वेणी घालून टोपी. बाहेर आल्या आल्या साध्या पाण्याने धुवायचं. संध्याकाळी शिकेकाईचं न्हाणं आणि मेथीचा रस.

त्या ताईंनी दोन रिसॉर्टच्या मॅनेजरांशी बोलणं केलं. एकाने सांगितलं, आमचे स्वतःचे स्पावाले आहेत. दुसऱ्याने विचारलं, तेल लावून पाहुणे पूलमध्ये उतरले तर माझ्या पाण्याचं काय? प्रश्न बरोबर होता. ताईंनी मला फोन केला. मी म्हटलं, त्यांना सांगा की आधी फक्त पाणी आणि वेणी, टोकांना अर्धा चमचा तेल तेही टोपीच्या आत, आणि भरपूर तेल ते पूलनंतर संध्याकाळच्या न्हाण्याआधी. मॅनेजरला हे पटलं. येत्या शनिवारी त्या दोन खुर्च्या, एक बेसिन आणि स्टीलची तीन पातेली घेऊन जातायत. बहिणीला मदतीला घेतलंय. दर ४०० ठरलाय, त्यातले १०० रिसॉर्टचे. म्हणजे वरच्या हिशोबाने हातात ३०० येतात, पण जायचं-यायचं भाडं त्यात धरलेलं नाही. ते मी त्यांना सोमवारी वहीत लिहायला सांगितलंय.